पिवळं चांगलं का वाईट

एम.एस्सी. झाल्यावर माझी जीभ बिघडली, असं घरात सगळ्यांचं मत होतं. आम्ही बहिणी लहानपणापासून "मी आलो, मी गेलो, मी जेवलो" म्हणणाऱ्या. कोल्हापुरातल्या पोरी असंच बोलतात, त्यात काही विशेष नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरवातीला मी इथल्याच एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागले आणि "मी आले, मी गेले" सुरू झालं. तेवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण मी "पाणी उकळून प्या" म्हणायचं सोडून "पाण्याचे निर्जंतुकीकरण आवश्यक आहे" असं म्हणायला लागले, तेही स्वयंपाकघरात, आईला. धाकटी बहीण तोंडावर म्हणायची, "अक्का, तू बोलायलीस का पेपर वाचायलीस?" मला भयंकर राग यायचा. दहावीनंतर घरी बसलेल्या पोरीनं मला शिकवायचं म्हणजे काय!

त्याच सुमारास आम्हा काही शिक्षकांचा एक गट जमला. रविवारी एस.टी.नं गावोगाव जायचं आणि लोकांना विज्ञान सांगायचं. माझं पहिलं भाषण मुरगूडला, एका शाळेच्या व्हरांड्यात झालं. विषय होता अन्नातली भेसळ. फाईल उघडून मी चाळीस मिनिटं बोलले. शेवटी रीतीप्रमाणं विचारलं, "काही शंका?" पुढच्या रांगेतले एक म्हातारबाबा उठले आणि म्हणाले, "शंका शाप न्हाई बाई. पर तुमचा घसा सुकला असंल. च्या टाकलाय, घोटभर घ्या आन मग जावा." सगळे खदाखदा हसले. मी तो चहा विषासारखा घेतला आणि पुढं आठ दिवस धुमसत होते.

आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक होते. परतीच्या गाडीत ते मला म्हणाले, "बाई, उत्तर चांगलं दिलंत. पण त्यांनी विचारलं काय होतं?" मी मनात म्हटलं, विचारायची अक्कल असती तर आपल्याला रविवार घालवून कशाला यावं लागलं असतं? हे आता लिहायला लाज वाटते, पण तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं.

पाच-सहा वर्षं अशी पालथ्या घड्यावर पाणी ओतण्यात गेली. मग मी माझ्यापुरता एक शोध लावला. लोकांना शब्द कळत नाहीत ना? मग शब्द जाऊ देत खड्ड्यात, प्रयोग दाखवायचे. लिंबू, हळद, चुना, बाटल्या, पेले, सगळं पिशवीत घालून न्यायचं आणि म्हणायचं, "माझ्यावर विश्वास ठेवू नका, तुमच्या डोळ्यांनी बघा." रंग बदलला की लोक टाळ्या वाजवायचे. गटात माझं नाव झालं. मीही हवेत होते.

बहीण तोवर गारगोटीच्या पुढच्या एका गावात नांदायला गेली होती. घरात नवरा, सासू आणि दोन म्हशी. सासू स्वभावानं खणखणीत, तोंडानं फटकळ आणि सुनेवर जीव टाकणारी. बहीण तिला आत्या म्हणायची, मी मावशी म्हणायचे. लग्नाला चार वर्षं झाली तरी मूल नव्हतं. गावातल्या बायका काय काय बोलायच्या, पण सासूनं कधी सुनेला टोचून बोलल्याचं मला ठाऊक नाही. उलट बोलणाऱ्यांनाच ती फोडून काढायची. आणि मग त्या उन्हाळ्यात बहिणीला दिवस राहिले.

तिला पाचवा महिना लागला आणि शेजारच्या गावात काविळीची साथ सुरू झाली. मी हादरले. पाण्यातून पसरणारी ही कावीळ एरवी माणूस पंधरा दिवस, महिनाभर अंथरुणाला खिळवून सोडून देते, पण गरोदर बाईच्या ती जिवावर उठते, हे मला माहीत होतं. मी तडक तिच्या गावी गेले आणि म्हणाले, हिला मी कोल्हापूरला नेते. सासू म्हणाली, "सातव्यात ओटी भरतो, मग खुशाल न्या. तवर माझ्या नदरंखाली राहू दे. मी फुलावानी जपतो तिला." तिचं काही चुकीचं नव्हतं. मला हट्ट करता आला असता. मी केला नाही, कारण माझ्या डोक्यात दुसरंच शिजत होतं. मी ठरवलं की बहिणीला गावातून हलवण्यापेक्षा गावाचं पाणीच सुधारायचं.

गावाला पाणी दोन ठिकाणचं होतं. एक नळाचं, टाकीतून येणारं. साथ आल्यापासून ग्रामपंचायत त्या टाकीत टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं औषध, टाकत होती, त्यामुळं पाण्याला औषधाचा वास यायचा आणि लोक नाकं मुरडायचे. दुसरं गावाच्या खालच्या अंगाला असलेल्या झऱ्याचं. गार, गोड, आरशासारखं. पण वरच्या उतारावर सगळं गाव परसाकडला जायचं आणि पावसात ते सगळं झऱ्याकडं उतरायचं. म्हणजे दिसायला स्वच्छ ते घाण आणि वास मारणारं ते चांगलं. एवढंच सांगायचं होतं. चौथीतल्या पोराला सांगता आलं असतं.

मी मात्र प्रयोग केला. देवळाच्या मंडपात सगळं गाव जमलं. बहीण आणि तिची सासू पहिल्या रांगेत, सासू कौतुकानं शेजारणींना सांगत होती, "सुनंची भन हाय, कालिजात शिकवती." मी टेबलावर दोन काचेचे पेले ठेवले. एकात टाकीचं पाणी, एकात झऱ्याचं. पाण्यात औषध शिल्लक आहे की नाही, हे बघायचे थेंब मिळतात. आरोग्य खात्याची माणसं वापरतात तेच. औषध असेल तर पाणी पिवळं होतं. मी दोन्ही पेल्यांत थेंब टाकले. टाकीचं पाणी झर्रकन पिवळं धमक झालं. झऱ्याचं होतं तसंच राहिलं, नितळ. मंडपात "आगं बया!" असा आवाज उठला. मी माईकमध्ये म्हणाले, "अवशिष्ट क्लोरीनच्या उपस्थितीमुळे हा रंगबदल झालेला आहे. आता कोणतं पाणी प्यायचं, हे मी सांगायला नको. तुम्ही तुमच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे."

टाळ्या कडकडल्या. सरपंचांनी नारळ दिला, त्यांच्या बायकोनं ओटी भरली, खण दिला. शंका विचारा असं मी त्या दिवशी म्हणालेच नाही, कारण साडेचारची एस.टी. चुकली असती तर गारगोटीला अडकून पडावं लागलं असतं. गाडीत बसल्यावर मला केवढं बरं वाटलं! गटाच्या वहीत मी लिहिलं, "ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद."

प्रतिसाद उत्स्फूर्त होता यात वादच नाही.

दीड महिन्यानं कॉलेजच्या ऑफिसात बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला. बूथवरनं बोलत होते, मागं गाड्यांचे आवाज. "अक्का, हिचं डोळं पिवळं दिसायल्यात. उलट्या थांबंनात. कोल्हापूरला घेऊन आलोय." मी प्रॅक्टिकल तसंच टाकून दवाखान्यात पळाले. ती खाटेवर पडली होती, हळद लावल्यासारखी. पोट तेवढं वर आलेलं. तिची सासू खाली डबा आणायला गेली होती. मी तब्येतही विचारली नाही. माझं पहिलं वाक्य होतं, "टाकीचंच पाणी पीत होतीस ना?"

"न्हाई गं," ती म्हणाली. "टाकीच्या पाण्याचा एक थेंब तोंडात घेतला न्हाई मी. तू दाखवलंस त्या दिवसापासनं आत्यांनी घरात आणूच दिलं न्हाई. निम्मं गाव झऱ्यावर जातंय आता."

मला काही कळेना. "अगं, मी काय दाखवलं?"

"टाकीच्या पाण्यात कावीळ हाय म्हणून दाखवलंस की. पिवळं झालतं न्हवं?"

आमच्या भागात कावीळ झाली की आधी माणसाला ती उतरवायला नेतात. औषध देणारा रोग्याच्या हातांना झाडपाल्याचा रस लावतो, चुन्याचं पाणी ओततो, आणि हात चोळले की खाली परातीत पिवळं पाणी पडतं. जितकं पिवळं तितकी कावीळ बाहेर आली, असं लोक मानतात. चुन्यानं त्या रसाचा रंग बदलतो, कावीळ जिथल्या तिथं राहते. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं! मी स्वतः सहावीत असताना त्या परातीवर हात धरून बसले होते. त्या मंडपातल्या प्रत्येक घरानं कधी ना कधी ती परात बघितलेली. आणि मी बया काविळीवर बोलायला उभी राहून त्यांच्यासमोर पेलाभर पाणी पिवळं करून दाखवलं, आणि वर म्हणाले, तुमच्या डोळ्यांनी बघा.

कपाळ बडवून घ्यायचं सोडून मी तिच्यावरच ओरडले. "तू तरी दहावी शिकलीस ना गं? मी माईकवर घसा फोडून सांगत होते, ते ऐकू आलं नाही तुला?" अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. तिनं डोळे मिटले आणि हळू आवाजात म्हणाली, "तुझं बोलणं मला कधीच कळत न्हाई अक्का. पर डोळ्यानं बघा म्हणालीस, म्हणून बघितलं."

मग तिनं सांगितलं की सासू रोज दोन वेळा झऱ्यावर जायची. गुडघे दुखत असताना डोक्यावर कळशी घेऊन ती चढण चढायची, सुनेसाठी म्हणून वेगळं पाणी आणायची. मुलाला भरू द्यायची नाही, त्याचे हात दुधाशेणाचे म्हणून. ते पाणी ती दुपदरी फडक्यानं गाळायची आणि सुनेला स्वतःच्या हातानं तांब्या भरून द्यायची.

चौथ्या दिवशी बाळंतपण झालं. सातवा महिना होता. मुलगी होती. रडली नाही.

बहीण वाचली. तीन आठवडे दवाखान्यात होती, मी रजा टाकून तिच्या उशाशी. करायला काही नव्हतं. सासू दिवसभर कोपऱ्यात बसून असायची, सुनेला पेज भरवायची, आणि मधूनच बाहेर जाऊन रडून यायची. मला तिच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. संध्याकाळच्या एस.टी.नं ती गावी परतली की मी पुन्हा तोच विचार करत बसायचे. निम्मं गाव अजून झऱ्यावर जातंय. त्यांना सांगायला हवं. काय सांगायचं?

वॉर्डात लादी पुसायला एक बाई यायची. मी तिला धरलं. रोज सकाळी मी तिला त्या दोन पेल्यांची गोष्ट सांगायचे आणि ती पोछा हातात धरून ऐकायची. पहिल्या दिवशी मी क्लोरीनपासून सुरवात केली. दुसऱ्या दिवशी जंतूंपासून. तिसऱ्या दिवशी ती वैतागली. "आवो बाई, पिवळं चांगलं का वाईट, येवढंच सांगा की! मला अजून दोन खोल्या पुसायच्या हायत." मी चिडले आणि तिला म्हणाले, इतकं सोपं नसतं ते. ती म्हणाली, "मग तुमास्नीच कळलं नसंल अजून." आणि गेली निघून. मला तिचा भयंकर संताप आला. पण संध्याकाळी वहीच्या मागच्या पानावर मी तीन वाक्यं लिहिली, घरच्या बोलीत, आई-बहिणीशी बोलायची तशी. दुसऱ्या दिवशी तिला म्हणून दाखवली. तिनं मान हलवली. "आता कसं!" म्हणाली आणि पोछा पिळला.

मी सरपंचांना निरोप धाडला की मला पुन्हा बोलायचं आहे. बहीण तोवर आमच्या घरी आली होती. मी एकटीच गेले. सभा तीनला होती, मी दुपारी बाराला पोचले आणि सरळ तिच्या सासरी गेले. सासू एकटीच होती. चहा ठेवताना तिनं विचारलं, "आज काय सांगनार हाईस गं पोरी लोकास्नी?"

मला त्याच वेळी अक्कल यायला हवी होती. पण तीन आठवडे मी एकाच गोष्टीसाठी धडपडत होते आणि समोर कुणीतरी आपणहून विचारत होतं. मी माझी तीन वाक्यं म्हटली. "मावशी, टाकीच्या पाण्यात कावीळ मारायचं औषध घातलंय. थेंब टाकून पाणी पिवळं झालं, म्हंजे औषध हाय, ते पाणी चांगलं. पिवळं झालं न्हाई, म्हंजे औषध न्हाई, त्या पाण्यानं कावीळ हुती."

तिचा हात थांबला. मी तिचं तोंड बघत होते. आणि खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी बोलले आणि ते समोरच्या माणसाला जसंच्या तसं पोचलं, हे मला दिसत होतं. तो आनंद दोन-तीन क्षण टिकला असेल. मग तिनं भिंतीकडच्या कळशीकडं बघितलं आणि काय पोचलं ते मला कळलं.

"म्हंजे मी पाजलं व्हय गं?" ती म्हणाली.

मी घाईघाईनं बोलायला लागले. चूक माझी होती, मी दाखवलं तेच उलटं कळणारं होतं, तुम्ही तर जिवापाड जपत होता, माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर आधी विचारलं असतं. ती ऐकत नव्हती. चहा उतू गेला. तिनं एवढंच विचारलं, "पोरीला ठावं हाय हे?"

मी मान डोलावली. बहिणीला मी दवाखान्यातच सगळं सांगितलं होतं.

"आन तरी माझ्या हातची पेज खाल्ली तिनं," ती म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

तीनला मी मंडपात गेले. ती येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि मागं बायकांत बसली. मी माईक घेऊन तीन वाक्यं सांगितली. मग मागून एकजण ओरडला, "म्याडम, गेल्या टायमाला येगळं आन आता येगळं! आधी तुमचं तुम्ही ठरवा की!" हशा पिकला. दुसरा म्हणाला, "झऱ्याचं पाणी आमच्या आज्यापंज्यानं प्यालंय, त्यास्नी काय न्हाई झालं ते!" पुन्हा हशा. माझे कान तापले. रागानं मला शब्द सुचेना, आणि सुचला तो "प्रादुर्भाव."

तेवढ्यात ती उठली. माईकची तिला गरज नव्हती.

"हसायचं काम न्हाई," ती म्हणाली. "तिनं तवाबी हेच सांगितलं हुतं. आपल्याला कळलं न्हाई. पिवळं म्हंजे कावीळ असं मी माझ्या मनानं धरलं. टाकीचं बंद केलं आन झऱ्याचं आणलं. दोन येळा आणलं, फडक्यानं गाळलं, ह्या हातानं पाजलं. आन चार वर्सानं आलेलं नातवंड मी मारलं. आता कुणाला झऱ्याचं पाजायचं असंल, त्यानं माझ्या घरला येऊन रिकामा पाळणा बघून जावं, आन मग कळशी उचलावी."

मघाशी ओरडलेल्या माणसानं मान खाली घातली. एक पोटुशी बाई शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी तिच्याकडं बघत राहिल्या.

मी मधे पडायला हवं होतं. हिची चूक नाही, मी दाखवलं, मी एस.टी. गाठायला पळाले, हिनं काही मारलं नाही, असं ओरडून सांगायला हवं होतं. माईक माझ्याच हातात होता. पण समोरच्या एकेका तोंडावर मला दिसत होतं की कळतंय, आत्ता कळतंय. मी बोलले असते तर ते मोडलं असतं.

मी गप्प बसले. तिला बोलू दिलं.